इमारतीचा बाहेरचा रंग: पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांच्या कमिट्या, बंगलेवाले आणि पेठांतल्या जुन्या घरांचे मालक बाहेरच्या रंगकामाबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'कोणता रंग चांगला?' माझ्या मते पहिला प्रश्न 'पाणी कुठून येतंय?' हाच असायला हवा. बाहेरचा रंग अकाली गेला की दहातल्या आठ वेळा माग काढत गेलं तर शेवटी पाण्याशीच पोचतो.

प्र. १. बाहेरचा रंग साधारण किती वर्षं टिकायला हवा?

भिंत कोरडी, तयारी नीट आणि चांगल्या प्रतीचं ॲक्रेलिक इमल्शन असेल तर पाच ते सात वर्षं. सिमेंट पेंट दोन-तीन वर्षांत उडायला लागतो, तो त्याचा स्वभावच आहे. इमल्शनचे पोपडे मात्र पहिल्या दोन पावसाळ्यांतच सुटू लागले, तर ते वय झाल्याचं लक्षण नाही. काहीतरी चुकलंय असं धरा आणि प्र. ३ वाचा.

प्र. २. पुण्यात बाहेरून रंग देण्यासाठी कोणता काळ चांगला? दिवाळीच्या आधी होईल का?

पुण्यातून मान्सून साधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास माघारी जातो. पण पाऊस थांबला म्हणजे भिंत वाळली असं होत नाही. चार महिने पाणी प्यायलेल्या प्लास्टरला ऑक्टोबरचं ऊन तीन-चार आठवडे तरी खाऊ द्यावं. दिवाळी ऑक्टोबरात आली, तर घराच्या आतलं रंगकाम करून घ्या आणि बाहेरचं नंतर. सणासाठी घाईने ओल्या भिंतीवर मारलेला रंग पुढच्या दिवाळीपर्यंत टिकेलच असं नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा. एप्रिल-मे चालतो, पण तेव्हा भिंती भट्टीसारख्या तापतात आणि दुपारनंतर वळिवाचा भरवसा नसतो. दिवसातल्या वेळेबद्दल प्र. १२ पाहा.

भिंत वाळली की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे. दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. कागदाच्या आत दव धरलं असेल किंवा तेवढाच भाग काळसर दिसत असेल, तर थांबा.

प्र. ३. दोन वर्षांतच पोपडे निघाले. रंग खराब होता की पेंटरने फसवलं?

हे फोनवर कुणालाच सांगता येत नाही, पण भिंत स्वतः सांगते. सुटलेला पापुद्रा हातात घ्या आणि उलटा करून उजेडात धरा. सगळं उत्तर त्याच्या पाठीवर असतं.

पाठीवर पांढरा, खडूसारखा जाड थर आला असेल, तर पुट्टी, म्हणजे रंगाआधी भिंत गुळगुळीत करायला ओढलेला लेप, सुटली आहे. एकतर घराच्या आतली पुट्टी बाहेर वापरली, किंवा व्हाइट सिमेंटची पुट्टी उन्हाने तापलेल्या कोरड्या ठणठणीत भिंतीवर पाणी न मारताच ओढली. सकाळी कालवलेली पुट्टी संध्याकाळपर्यंत पाणी घालून घालून वापरली, तरी हेच होतं.

पाठीवर वाळूचे कण चिकटले असतील आणि भिंतीवर नख ओढलं की वाळू झडत असेल, तर दोष प्लास्टरचा. सिमेंट कमी पडलं, किंवा प्लास्टरवर पुरेसं पाणी मारलं गेलं नाही. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, भुकटीचं प्रमाण फार असेल तरी प्लास्टर मऊ राहतं. अशा भिंतीवर कितीही महागडा रंग द्या, तो प्लास्टरची कातडी घेऊनच खाली येणार.

पाठ गुळगुळीत आहे आणि तिच्यावर जुन्या रंगाची पूड आहे? मग धुलाई आणि प्रायमर (रंगाआधीचा, पकड देणारा हात), दोन्हींपैकी काहीतरी टाळलेलं आहे. इथे जबाबदारी स्पष्टपणे काम करणाऱ्याची.

पापुद्रा जाड आहे, कडेला दोन-तीन रंगांचे थर दिसतात? दर खेपेला जुन्यावर नवा थर चढवला गेला. नवा रंग वाळताना आक्रसतो आणि तळाच्या कमकुवत थराला ओढून घेऊन सुटतो. अशा इमारतीचा रंग एकदा पूर्ण खरवडून काढण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि कोटेशनमध्ये तसं लिहून घ्यावं लागतं.

शेवटचं, आणि पुण्यात सर्रास दिसणारं: पाठ दमट, तिच्यावर बारीक पांढरे स्फटिक. म्हणजे पाणी भिंतीच्या आतून येतंय. इथे डब्यातल्या रंगाचा दोष नाही. आधी गळती शोधा, प्र. ८ पाहा.

पापुद्रे चार-पाच वेगवेगळ्या जागांचे घ्या. एकाच इमारतीच्या उत्तर आणि पश्चिम बाजूंची उत्तरं वेगळी निघू शकतात.

प्र. ४. आमच्या इमारतीची पश्चिमेची बाजूच दर वेळी आधी खराब होते. असं का?

पुण्याचा पाऊस नैर्ऋत्य आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे झड त्याच भिंतींवर बसते. दुपारनंतरचं ऊनही त्याच बाजूला. म्हणजे चार महिने मारा पाण्याचा आणि उरलेले आठ महिने उन्हाचा. बावधन, पाषाण, वारजे हा भाग सह्याद्रीला जवळचा, तिथे हडपसर-खराडीपेक्षा पाऊस जास्त असतो. तिथल्या इमारतींना हा त्रास अधिक.

अशा भिंतीसाठी दोन गोष्टी सुचवतो. एक, पश्चिमेला आणि दक्षिणेला एक हात जादा द्या, बाकी बाजूंना नेहमीचे दोन. चारही बाजूंना सारखाच खर्च करण्याचं कारण नाही.

दुसरी गोष्ट फुकटात तपासता येते. खिडकीच्या छज्ज्याच्या खालच्या अंगाला, काठापासून इंचभर आत बोट फिरवा. तिथे लांबीभर एक खाच लागली पाहिजे. छज्ज्यावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेपाशी अडतं आणि थेंबाथेंबाने खाली पडतं. खाच नसेल, किंवा आधीच्या पेंटरांनी पुट्टी भरून बुजवून टाकली असेल, तर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून सरळ भिंतीवर येतं आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात पोपडे धरतात. गवंड्याकडून खाच पुन्हा मोकळी करून घेणं हे किरकोळ काम आहे. त्याचा फायदा रंगाच्या एका जादा हाताहून मोठा असतो.

प्र. ५. गच्चीच्या कठड्याखाली काळे ओघळ येतात. धुरामुळे का?

रस्त्यालगत थोडी धूळ-काजळी असतेच, पण ते काळे पट्टे बहुतेक वेळा शेवाळाचे असतात. पावसाळ्यात हिरवट दिसणारं शेवाळ वाळलं की काळं पडतं. त्यावर थेट रंग दिला, तर पुढच्या जुलैत ते नव्या रंगातून वर येतं.

आधी ताठ ब्रशने घासून काढावं, मग ब्लीचचं पातळ द्रावण किंवा बुरशीनाशक मारून काही वेळ मुरू द्यावं, स्वच्छ पाण्याने धुवावं आणि पूर्ण वाळू द्यावं. ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. बाथरूमसाठी आणलेलं ॲसिड भिंत धुवायला वापरण्याची सवय काही कामगारांना असते, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

ओघळ पुन्हा येऊ नयेत म्हणून कठड्याच्या माथ्याचा उतार आतल्या बाजूला, म्हणजे गच्चीकडे करून घ्या. माथ्यावरची धूळ आणि पाणी मग बाहेरच्या भिंतीवर येत नाही.

प्र. ६. भिंतीवर पांढरं दिसतंय. रंग उडतोय की लोणा लागलाय?

तळहात फिरवा. हाताला रंगाचीच पूड लागली, तर तो उन्हाने जुना झालेला रंग. अतिनील किरणांनी रंगाला धरून ठेवणारा चिकट घटक संपत जातो आणि रंगद्रव्य मोकळं होतं. पाच-सहा वर्षांनी हे स्वाभाविक आहे, वर्षभरात झालं तर रंग हलका होता किंवा पाणी जास्त घातलं होतं (प्र. ११).

कापसासारखे, खारट लव आल्यासारखे पांढरे पुंजके दिसले तर लोणा. विटा, वाळू, सिमेंट यांतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर बांधकाम झालं असेल तर प्रमाण वाढतं. हा लोणा आधी कोरड्या ब्रशने झाडून काढावा. सुरुवातीलाच पाण्याने धुतला तर विरघळून परत भिंतीत जातो. आणि ओल बंद झाल्याशिवाय त्यावर काहीही लावू नये.

प्र. ७. नवीन बंगल्याचं प्लास्टर नुकतंच झालंय. वास्तुशांत जवळ आली आहे, रंग देऊन टाकू का?

ताजं प्लास्टर तीव्र अल्कधर्मी असतं. ते रंगातल्या चिकट घटकावर हल्ला करतं, डाग पडतात, रंग कुठे फिका कुठे गडद दिसतो. प्लास्टरवर सात ते दहा दिवस पाणी मारा आणि त्यानंतर वाळायला वेळ द्या, सगळे मिळून निदान 28 दिवस. पावसाळी हवेत त्याहून जास्त लागतात. मुहूर्त चुकवता येत नसेल तर बाहेरून फक्त क्षाररोधक प्रायमरचा एक हात देऊन ठेवा आणि तोही 28 दिवसांनंतरच. नुसत्या प्रायमरवरची वास्तुशांत कुणाला खटकत नाही.

सिपोरेक्सच्या किंवा तशाच हलक्या ठोकळ्यांच्या भिंती असतील, तर काँक्रीटचा बीम आणि भिंत जिथे भेटतात तिथे प्लास्टरखाली कोंबडी जाळी ठोकली होती का, हे गवंड्याला विचारा. नसेल तर त्या रेषेवर भेग येणार असं समजून चला.

प्र. ८. वॉटरप्रूफ रंग लावला तर गळती थांबेल का?

बाहेरून झडीचं पाणी बारीक भेगांतून शिरत असेल, तर लवचिक जाड थराच्या रंगाने बराच फरक पडतो. बाकीच्या बाबतीत नाही, आणि काही वेळा नुकसानच होतं.

गच्चीचा कोबा तडकलेला असेल, गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यातला वाटा (सिमेंटची गोलाई) फुटला असेल, ड्रेनेजचा पाइप भिंतीत शिरतो तिथे फट असेल, वरच्या मजल्याच्या बाथरूमचा ट्रॅप गळत असेल, तर पाणी भिंतीच्या मागून येतं. त्याच्या पुढ्यात तुम्ही पाणी न सोडणारा थर लावलात, की ते अडकतं आणि रंगाला फुगे येतात. फुगा फोडल्यावर आतून पाणी आलं, तर निदान झालंच म्हणून समजा.

ओलीचा आकार पाहून माग लागतो. पावसाळ्यातच वाढते ती पावसाची. बारा महिने सारखी राहते ती नळाची किंवा ड्रेनेजची. डक्टच्या (पाइप जातात त्या अरुंद मोकळ्या जागेच्या) बाजूला, बाथरूमच्या सरळ खाली डाग असेल तर आधी प्लंबर बोलवा, पेंटर नंतर. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच पट्टा ओला असेल तर ते पायातून चढणारं पाणी.

प्र. ९. भेगा भरल्या तरी त्याच जागी परत का येतात?

वरवर पुट्टी फासल्यामुळे. केसासारख्या बारीक भेगा लवचिक रंगाखाली झाकल्या जातात. त्याहून रुंद भेग आधी इंग्रजी व्ही आकारात उघडावी, ब्रशने धूळ काढावी आणि लवचिक क्रॅक फिलरने भरावी. पुट्टी कडक असते, भिंत ऊन-पावसात आकुंचन-प्रसरण पावते, त्यामुळे पुट्टी पुन्हा तडकते. बीमखालच्या आडव्या भेगेवर फिलरसोबत जाळीची पट्टीही लागते. भेग तिरकी जाते, दरवर्षी रुंदावते किंवा खिडकी-दारं अडकू लागली आहेत, अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ती बुजवू नका.

प्र. १०. बाल्कनीच्या खाली प्लास्टर फुगलंय आणि गंजकी सळई दिसतेय. रंगकामातच हे करून घेऊ का?

नाही. हे दुरुस्तीचं काम आहे, रंगाचं नाही. सळई गंजली की तिचं आकारमान वाढतं आणि ती काँक्रीटला आतून फोडते. त्यावर प्लास्टर थापून रंग दिला तर गंज झाकला जातो, थांबत नाही, आणि एक दिवस तो तुकडा कुणाच्या तरी डोक्यावर पडतो. सैल काँक्रीट काढणं, सळई साफ करून गंजरोधक लावणं, पॉलिमर मॉर्टरने भरणं, हे जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावं.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. रंगकाम काढण्याआधी ते करून घेतलं तर पहाड (बांबूची किंवा पाइपची परांची) एकदाच बांधावा लागतो.

प्र. ११. पेंटर रंगात जास्त पाणी घालतो का, हे कसं ओळखायचं?

किती पाणी घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं, तेवढंच घालावं. उन्हाळ्यात ब्रश जड चालतो म्हणून कामगार पाणी वाढवतात, नेहमी लबाडीनेच असं नाही. हिशोब मात्र साधा आहे. बाहेरच्या भिंतीवर एका लिटरमध्ये दोन हात देऊन साधारण 50 ते 60 चौरस फूट होतात. खडबडीत प्लास्टरवर कमी. तुमच्या भिंतींचं क्षेत्रफळ 12,000 चौरस फूट असेल आणि 120 लिटरमध्ये 'दोन हात झाले' असं कुणी सांगत असेल, तर ते शक्य नाही.

डबे सोसायटीच्या आवारात, सील फोडताना कुणीतरी हजर असताना उघडावेत. रिकामे डबे काम संपेपर्यंत ठेवून घ्या.

प्र. १२. कडक उन्हात किंवा थंडीतल्या सकाळी रंग दिला तर काय बिघडतं?

तापलेल्या भिंतीवर रंगाची वरची साय लगेच वाळते, खाली पकड बसत नाही आणि रोलरचे पट्टे दिसतात. म्हणून सावलीच्या मागे मागे काम करावं: सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची. डिसेंबर-जानेवारीत सकाळी भिंतीवर दव असतं, तेव्हा नऊ-साडेनऊच्या आधी ब्रश लावू नये. संध्याकाळी उशिरा दिलेला हातही रात्रीच्या दवात सापडतो.

प्र. १३. तीन कोटेशनं आली, दरात जमीन-अस्मानाचा फरक आहे. निवडायचं कसं?

चौरस फुटाचा दर शेवटी पाहा. आधी पाहा की कामाची यादी एकच आहे का. धुलाई प्रेशर पंपाने की नुसता झाडू, सुटा रंग किती खरवडणार, भेगा भरण्याचा दर मीटरवर की 'गरजेनुसार', प्रायमर कोणता, रंगाचं पूर्ण नाव आणि किती हात, पहाड की झुला (गच्चीवरून दोरांनी सोडलेली फळी), जीएसटी धरून की वेगळा. 'गरजेनुसार' हा शब्द जिथे जिथे आहे तिथे तिथे नंतर वाद होतो.

मोजमाप कुणाचं, हेही ठरवा. खिडक्यांची वजावट करायची की नाही आणि छज्जे कसे मोजायचे, हे आधीच लिहिलं नाही तर बिल फुगतं. कमी दराचं कोटेशन बहुधा तयारीच्या कामात कात्री लावून कमी झालेलं असतं. मी स्वतः रंगाची प्रत एक पायरी खाली आणीन, पण धुलाई आणि प्रायमर सोडणार नाही.

प्र. १४. झुल्यावरचा कामगार पडला तर सोसायटी अडचणीत येते का?

येऊ शकते. ठेकेदाराकडे कामगारांच्या नुकसानभरपाईचा चालू विमा आहे का, त्याची प्रत काम सुरू होण्याआधी घ्या. प्रत्येक कामगाराला सेफ्टी बेल्ट हवा, आणि तो बेल्ट झुल्याला नव्हे, वरून सोडलेल्या स्वतंत्र दोराला अडकवलेला हवा. झुला तुटला तरी माणूस लटकून राहतो तो या दोरामुळे. दोर कठड्याच्या पाइपला बांधताना दिसला तर काम थांबवा. बेल्ट कपाटात आणि माणूस झुल्यावर हे चित्र पाहूनही कमिटीने गप्प बसणं मला कधीच पटलेलं नाही.

प्र. १५. खर्च सोसायटीचा की फ्लॅटधारकाचा?

आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती, गच्ची, कठडे आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती संस्थेने करायची. एखाद्याच्या बाथरूममधली गळती हा त्या सभासदाचा खर्च. तुमची 'सोसायटी' कागदोपत्री खरं तर अपार्टमेंट असेल, आणि पुण्यात अशा इमारती भरपूर आहेत, तर 1970 चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा लागू होतो आणि सामाईक खर्च डीड ऑफ डिक्लरेशन या इमारतीच्या घोषणापत्रातल्या टक्केवारीप्रमाणे वाटला जातो. दर फ्लॅटला सारखी वर्गणी ठरवण्याआधी ते डीड काढून वाचा.

प्र. १६. डब्यावर सात वर्षांची वॉरंटी आहे. मग काळजी कशाला?

वॉरंटीच्या अटी वाचा. सहसा ती ठरलेला प्रायमर, ठरलेले हात आणि बिल असेल तरच लागू होते. आतून येणारी ओल, इमारतीच्या भेगा, कच्चं प्लास्टर ही कारणं बहुधा वगळलेली असतात. म्हणजे प्र. ३ मधल्या बहुतेक कारणांना ती उपयोगी पडत नाही. कामाआधीचे आणि धुलाईनंतरचे फोटो तारखेसह ठेवा.

प्र. १७. गडद रंग लवकर का फिका पडतो?

गडद छटेच्या बेसमध्ये पांढरं रंगद्रव्य कमी आणि रंगीत जास्त असतं. लाल, पिवळ्या, जांभळ्या चकचकीत छटांतली सेंद्रिय रंगद्रव्यं उन्हात टिकत नाहीत. गेरूसारखे मातकट, विटकरी, राखी रंग लोह-ऑक्साइडचे असल्याने चांगले टिकतात. गडद रंग आवडत असेल तर पूर्व-उत्तरेला किंवा पट्ट्यांपुरता घ्या.

प्र. १८. जुन्या ग्रीलचा ऑइल पेंट घासून काढायचा आहे. काही धोका?

घरगुती रंगांतलं शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारा नियम 2016 चा, अंमल नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा, मुलांना दूर ठेवा, खालची पूड ओल्या फडक्याने पुसून घ्या. नंतर रेड ऑक्साइड प्रायमर आणि मग रंग.

प्र. १९. पेठेत आमचा वाडा आहे. विटा, माती आणि चुन्याचा गिलावा. प्लॅस्टिक पेंट चालेल?

चालत नाही, आणि वर सांगितलेलं बरंचसं इथे उलटं होतं. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर ॲक्रेलिकचा थर किंवा सिमेंटचं प्लास्टर चढवलं की ओल आत कोंडते, मातीचा सांधा मऊ होतो आणि लाकडी खांबांच्या टोकांना कीड धरते. गिलावा चुन्यानेच दुरुस्त करा, वरून चुन्याचे पातळ हात द्या, रंग हवा असेल तर त्यातच गेरू किंवा पिवळी माती कालवा. दर दोन-तीन वर्षांनी हात द्यावा लागतो, पण ते काम स्वस्त आहे. जोत्याच्या काळ्या दगडाला रंग मुळीच लावू नका, लावलेला असेल तर हळूहळू काढा.

प्र. २०. काम अर्धं झालंय आणि जून उजाडला. पाऊस सुरू झाला तर काय करायचं?

नुसती पुट्टी उघडी ठेवून काम थांबवू नका, ती झडीत धुऊन जाते. जिथे पुट्टी झाली आहे तिथे कोरड्या दिवसांत निदान प्रायमर उरकून घ्या. पश्चिमेची बाजू आधी, डक्टची शेवटी. ज्या भिंतींना अजून हातच लागलेला नाही, त्या तशाच ठेवा. भेगा मात्र भरून घ्या.

ठेकेदार 'दोन दिवस उघडीप आहे, शेवटचा हात मारून टाकतो' म्हणाला, तर प्र. २ मधला प्लॅस्टिकचा कागद लावून पाहा. राहिलेल्या कामाची रक्कम रोखून ठेवा, नोव्हेंबरची तारीख दोघांच्या सहीने लिहून घ्या, आणि उरलेले डबे घट्ट झाकण लावून सावलीत ठेवायला सांगा. पाणी मिसळलेला रंग त्यात परत ओतू देऊ नका, तो नासतो.